एका निबंधाचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत जे विषय शिकवले जातात त्यांत निबंधलेखन हा सर्वांत निरुपद्रवी विषय समजला जातो. पावसाळ्यातील एक दिवस, नदीचे आत्मवृत्त, अविस्मरणीय सहल असे ठराविक विषय असतात. मार्गदर्शकात त्यांची ठराविक उत्तरे छापलेली असतात. आणि विद्यार्थी ती पाठ करून उतरवून काढतात. मेंढरांमागे सहा महिने रानोमाळ हिंडणारा धनगराचा मुलगा, ज्या सहलीला तो कधी गेलाच नाही तिचे रसभरीत वर्णन करून दहापैकी सहा गुण मिळवतो. त्याच्या स्वतःच्या वाटचालीविषयी मात्र त्याला कोणी काही विचारत नाही. लिहिणे म्हणजे दुसऱ्याचे शब्द नीटनेटके उतरवणे, हा संस्कार त्याच्या मनावर कायमचा ठसतो. शिक्षण दिले गेले, परंतु वाचा दिली गेली नाही, असा हा प्रकार आहे.

लेखनाचे शिक्षण ह्याहून वेगळे असू शकते काय, आणि असल्यास त्यातून काय निष्पन्न होते, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पुणे शहरात १८५५ साली ते उत्तर मिळालेले आहे. त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ ह्या नियतकालिकात मुक्ता साळवे ह्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. विषय होता मांग-महारांचे दुःख. मुक्ता मांग समाजातील होती आणि जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेत तिचे शिक्षण जेमतेम तीन वर्षे झाले होते.

ज्या काळात आणि ज्या शहरात हे घडले, ते ध्यानात घेतल्याखेरीज ह्या घटनेचे मोल कळणार नाही. पेशवाई बुडून अवघी सदतीस वर्षे झाली होती. जोतीरावांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. त्यानंतर महार, मांग इत्यादी समाजांतील मुलांमुलींसाठी शाळा निघाल्या. लहुजी वस्ताद साळवे आणि राणोबा महार ह्यांच्यासारखी माणसे घरोघर जाऊन मुले गोळा करीत होती. शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जात होते. सरकारने १८५२ साली विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सत्कार केला आणि १८५४ च्या शैक्षणिक खलित्यात बहुजनांच्या शिक्षणाचे आश्वासनही दिले. परंतु मुक्ताचा निबंध छापून आल्याच्या पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, मुंबई इलाख्यातीलच धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तेव्हा सवर्ण पालक मुले काढून घेतील ह्या भीतीपोटी त्याच सरकारने प्रवेश देण्याचे टाळले. ज्या व्यवस्थेत अस्पृश्य मुलाला शाळेचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्या व्यवस्थेत एका अस्पृश्य मुलीचे लेखन सर्व सुशिक्षितांपुढे आले होते. ही गोष्ट सामान्य नव्हे.

मालमत्ता आणि मालक

ह्या निबंधाची मांडणी पाहण्याजोगी आहे. मुक्ता आरंभ करते तो धर्मापासून. वेद ही आपली मत्ता आहे, इतरांनी ते पाहूही नयेत, असे ब्राह्मण म्हणतात. ती ह्या दाव्याशी भांडत बसत नाही. ती तो दावा शब्दशः मान्य करते आणि त्याचा निष्कर्ष दाव्यावरच उलटवते. ग्रंथ जर त्यांच्या मालकीचा, तर त्यातील आज्ञा पाळण्याचे दायित्वही त्यांचेच. जो ग्रंथ पाहण्याची आम्हाला मुभा नाही, त्याचे बंधन आमच्यावर कसे? मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे, ब्राह्मणांना वेद आहेत. मग आमचा धर्म कोणता, ते देवाने तरी सांगावे. जेथे एकाने भोगावे आणि इतरांनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहावे, तो धर्म पृथ्वीवर न राहिलेला बरा, इथपर्यंत तिची लेखणी जाते.

परंपरेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंपरा थोर की त्याज्य, असा वाद घालणारे दोन्ही बाजूंचे विद्वान बहुधा ती सर्वांची सामाईक ठेव आहे असे गृहीत धरून चालतात. मुक्ताने ते गृहीतच धरले नाही. परंपरेचा मालक कोण, तिचे उत्पन्न कोणाच्या पदरात पडते आणि तिचा बोजा कोणाच्या डोक्यावर असतो, हा तिचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला हा प्रश्न धर्माला लावण्याचे धैर्य चौदा वर्षांच्या मुलीने दाखवले.

आणि खरोखरच ती धर्मावरून चालत चालत अर्थव्यवहाराशी येऊन पोहोचते. मोठमोठे वाडे बांधण्यासाठी मांग-महारांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावून लावले, त्यांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरले, असे ती सांगते. तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, ही आपल्या समाजाच्या स्मरणात असलेली कहाणी ती नोंदवते. अस्पृश्य माणूस शिकला असे कळले, तर बाजीराव काय म्हणे, तेही ती नमूद करते: हे लिहू-वाचू लागले, तर ब्राह्मणांनी आपले दप्तर ह्यांच्या हवाली करून बगलेत धोकटी मारून हजामती करीत फिरावे की काय? ज्ञानबंदीचे ह्याहून नेमके आर्थिक विवरण सापडणे कठीण आहे. ज्ञानबंदीच्या तळाशी केवळ विटाळाची कल्पना नव्हती, दप्तराची मक्तेदारीही होती. विटाळाने त्या मक्तेदारीला कुंपण घातले होते.

पुढे ती सांगते की आम्ही अस्पृश्य म्हणून आम्हाला कोणी चाकरीस ठेवत नाही. चाकरी नाही म्हणजे पैसा नाही. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून जखमी केले तरी आमची मुले तक्रार करीत नाहीत, कारण उष्टे मागायला त्यांच्याच दारी जायचे असते. आणि मग ती आपल्या स्त्रियांच्या बाळंतपणाकडे वळते. घरावर छप्पर नाही, पाऊस आणि थंडी अंगावर, आजार झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणावा? पंडितांनी आपली पोकळ बडबड थांबवून हे ऐकावे, असे ती बजावते.

दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये असल्याचे गणित मांडले ते १८६७-६८ सालासाठी. तो आकडा राष्ट्राच्या दारिद्र्याचा पुरावा ठरला आणि त्याचे श्रेय दादाभाईंना दिलेच पाहिजे. तथापि सरासरी ही सरासरी असते. पुण्याच्या मांगवाड्यातील बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर होते की नव्हते, हे सरासरीत दिसत नाही. ते दिसण्यासाठी तिच्या वस्तीतील कोणीतरी लिहावे लागते. आकडेवारी काय मोजायचे हे ठरल्यावर सुरू होते. काय मोजायचे हे बहुतेक वेळा भोगणाऱ्याच्या साक्षीवरूनच कळते.

‘आम्ही’ म्हणजे कोण?

येथे समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात एक शंका येते आणि ती रास्त आहे. प्रत्येकाने आपापल्या जातीचे दुःख लिहायला घेतले, तर जातींच्या भिंती अधिकच पक्क्या होणार नाहीत काय? कष्टकऱ्यांच्या एकजुटीचे काय होईल? अस्मितेच्या नावाखाली गेल्या काही दशकांत जे राजकारण वाढले, ज्या राजकारणात प्रत्येक जातीला आपला एक वीरपुरुष, एक पुतळा आणि एक दुखावलेली भावना लाभली, ते पाहिल्यावर ही शंका अधिकच बळावते.

मुक्ताचा निबंध ह्या शंकेला उत्तर देतो. त्याच्या शीर्षकातच दोन समाज आहेत. ती मांग आहे. परंतु तिचा ‘आम्ही’ मांगांचा नाही, तो मांग-महारांचा आहे. आणि हा ‘आम्ही’ तिने डोळे झाकून बांधलेला नाही. महारांनीही ब्राह्मणांचा गुण उचलला, तेही स्वतःला मांगांहून श्रेष्ठ समजतात आणि मांगाच्या सावलीचा विटाळ मानतात, हे ती त्याच निबंधात स्पष्ट लिहिते. पुढे डॉ. आंबेडकरांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे शास्त्रशुद्ध विश्लेषण केले, तिची ही अनुभवातून आलेली ओळख होय. दोष सांगूनही ती महारांना आपल्यातून वगळत नाही. एकजूट तक्रार दडपून होत नसते, तक्रार उघडपणे मांडून आणि तरीही हात पुढे करून होत असते, हा ह्यातील राजकीय बोध आहे.

वारशाने मिळालेली ओळख आणि तपासून स्वीकारलेली ओळख ह्यांत हाच फरक आहे. पहिली माणसाला जन्मासोबत चिकटते आणि तिचा अभिमान बाळगायला काहीच कष्ट पडत नाहीत. दुसरीसाठी माणसाला आपल्या समाजाकडे, त्याच्या देवदैवतांकडे, त्याच्यातील उच्चनीचतेकडे आणि त्यातील स्त्रियांच्या स्थितीकडे एक पाऊल मागे सरून पाहावे लागते. बोलण्यात हे सहसा होत नाही. बोलताना समोरच्याची मर्जी सांभाळावी लागते, टाळी मिळाली की वाक्य लांबते. लिहिताना माणूस आपल्याच वाक्याशी एकटा असतो आणि ते वाक्य खरे आहे काय, असे त्याला विचारावे लागते. डॉ. लोहियांनी जातीला गोठलेला वर्ग मानले. ती गोठण फोडण्याची अनेक साधने आहेत. आपल्या स्थितीविषयी प्रामाणिकपणे लिहिणे हे त्यांपैकी एक आहे.

मुक्ता इंग्रजी राज्याविषयी कृतज्ञता व्यक्त करते, ह्याचेही काहींना वैषम्य वाटते. परंतु तिच्यासमोर पारतंत्र्य आणि स्वातंत्र्य असा पर्याय नव्हता. पेशवाईत जे भोगले आणि त्यानंतर जे थोडेसे सैलावले, त्यांची तुलना ती करीत होती. तिची साक्ष सोयीची असेल तेवढीच ऐकायची, हा न्याय नव्हे. तिने विचारलेल्या प्रश्नाला समाजाने उत्तर दिले नाही. शेवटी ते उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धर्म स्वीकारून स्वतःच दिले. प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये एकशे एक वर्षे गेली.

शिकवणाऱ्याचे काम

ह्या सर्व प्रकारात फुले दांपत्याचे श्रेय कोणते? त्यांनी अक्षर दिले, व्याकरण दिले, शाळेचे संरक्षण दिले. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यांनी तिच्या नावाने स्वतः निबंध लिहिला नाही. जोतीरावांची लेखणी समर्थ होती. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी त्याच वर्षी लिहिले. अस्पृश्यांच्या दुःखावर ते स्वतः उत्तम लिहू शकले असते आणि पुढे त्यांनी लिहिलेही. तरीही विद्यार्थिनीला तिचा विषय तिच्या बुद्धीने मांडू देणे त्यांना आवश्यक वाटले. दलितांचे, कामगारांचे, स्त्रियांचे म्हणणे आपण त्यांच्यापेक्षा चांगले मांडू शकतो, ह्या मोहातून पुरोगामी पुढारीही क्वचितच सुटतात. म्हणून हे उदाहरण मोलाचे.

अशा लेखनाची पद्धत शिकवता येते काय? मुक्ताच्या वर्गात नेमके कसे शिकवले जात होते ह्याचा तपशील निबंधात नाही. परंतु शाळेने टाकून दिलेल्या मुलांना लिहिते करण्याचा एक प्रयोग विसाव्या शतकात इटलीत झाला आणि त्याची पद्धत सविस्तर नोंदलेली आहे. फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील डोंगरात बार्बियाना नावाची एक लहानशी वस्ती आहे. लोरेन्झो मिलानी ह्या पाद्र्याची १९५४ च्या अखेरीस तेथे पाठवणी झाली. गरीब शेतकऱ्यांच्या, सरकारी शाळेत नापास ठरलेल्या मुलांसाठी त्याने शाळा काढली. ती वर्षभर चाले, दिवसभर चाले आणि मोठी मुले लहानांना शिकवीत. तेथील आठ मुलांनी मिळून १९६७ साली एका शिक्षिकेला उद्देशून पत्ररूपाने एक पुस्तक लिहिले. गरिबांची मुले शाळेतून कशी गळतात, ह्याचे आकड्यांसह केलेले ते आरोपपत्र होते. जगातील अनेक भाषांत ते गेले. मराठीतही ‘प्रिय बाई’ ह्या नावाने आले. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच आठवड्यांत मिलानीचे निधन झाले.

त्या मुलांची लेखनपद्धत अत्यंत साधी होती. प्रत्येकाने खिशात एक वही बाळगायची आणि विचार सुचला की टिपून ठेवायचा. मग एकेक विचार एकेका चिठ्ठीवर, एकाच बाजूने लिहायचा. सर्वांच्या चिठ्ठ्या एका मोठ्या मेजावर मांडायच्या, पुनरुक्ती काढून टाकायची, एकमेकांशी संबंध असलेल्या चिठ्ठ्यांच्या चळती करायच्या. चळतीचे प्रकरण होई, प्रकरणाचे परिच्छेद पडत. मग लेखन, आणि त्यानंतर खरी मेहनत: अनावश्यक शब्द छाटणे, अवघड शब्द सोपा करणे, लांब वाक्य तोडणे. अखेरीस मजकूर बाहेरच्या माणसांना, विशेषतः फारसे न शिकलेल्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांना कळला की नाही ते पाहायचे. प्रतिभेची वाट पाहण्याचे कारण नव्हते. काही सांगण्यासारखे असणे आणि चिकाटी असणे एवढे पुरेसे होते.

अभ्यासवर्गांत काय व्हावे

चळवळीच्या अभ्यासवर्गांचा इतिहास गौरवाचा आहे. परंतु त्यांत एक उणीव सतत राहिली. वक्ता बोलतो, शिबिरार्थी ऐकतात, टिपणे घेतात, शंका विचारतात आणि परततात. टिपणे वक्त्याच्या विचारांची असतात. शिबिरार्थ्याच्या आयुष्याची एक ओळही त्यांत नसते. शोषणाची व्याख्या त्याला पाठ होते. आपल्या गावातील शोषण शब्दांत उतरवायला सांगितले की तो व्याख्याच पुन्हा लिहून देतो.

म्हणून प्रत्येक अभ्यासवर्गात व्याख्यानाइतकाच वेळ लेखनाला दिला जावा. विषय मोठे नकोत. घराची जागा कोणाच्या नावावर आहे? शेवटचे कर्ज कशासाठी काढले, लग्नासाठी की औषधासाठी? गावच्या जत्रेत खर्च कोण करतो, मान कोणाला मिळतो आणि ढोल कोण वाजवतो? घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? असे प्रश्न घेऊन चिठ्ठ्या लिहाव्यात, त्या एकत्र मांडाव्यात, त्यांतून एक लेख तयार करावा आणि तो वस्तीत वाचून दाखवावा.

एकच उदाहरण पुरे. ऊसतोडणीच्या धंद्यात पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती सामान्यतः पुरुषाच्या नावावर. पहाटे उठून भाकरी थापणारी, मग फडात दिवसभर राबणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहून नेणारी स्त्री हिशेबाच्या वहीत स्वतंत्रपणे दिसतच नाही. तिच्यावर अहवाल पुष्कळ लिहिले गेले. परंतु अर्धा कोयता म्हणजे काय हे ज्या दिवशी ती स्वतः लिहील, त्या दिवशी मजुरीच्या प्रश्नाबरोबर कुटुंबाचा, परंपरेचा आणि बिरादरीचा प्रश्नही तिच्या लेखणीखाली येईल. फलटणच्या बेबी कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली आले. लहानसे दुकान चालवताना, घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षे त्यांनी ते लिहिले होते. सवर्णांचा जुलूम त्यांनी नोंदवलाच. महारवाड्यातील अंधश्रद्धा आणि सुनांचा छळही लपवला नाही. मुक्ताने ज्या प्रामाणिकपणाने लिहिले त्याच प्रामाणिकपणाची ही पुढची पायरी होय. मात्र ह्या दोन स्त्रियांमध्ये एकशे एकतीस वर्षांचे अंतर आहे, आणि बेबीताईंना लपून लिहावे लागले, ह्याची खंत चळवळीला वाटली पाहिजे.

मुक्ताचा तो एकच निबंध आज उपलब्ध आहे. त्याचा शेवट अनेकजण विसरतात. मांग-महारांनी शिकावे, ज्ञान हेच त्यांच्या आजारावरचे औषध आहे, असे ती कळकळीने सांगते. ज्यांनी गुरांसारखे वागवले त्यांना मग तसे वागवता येणार नाही, असा विश्वास देते. आणि लगेच पुढे लिहिते की हेही खात्रीने सांगता येत नाही, कारण चांगल्या शाळांत शिकलेली माणसेही थक्क करणारी वाईट कामे करतात. आपल्या सर्वांत प्रिय सिद्धांतावर, ज्ञानाच्या सामर्थ्यावर, शेवटच्या ओळीत शंका घेण्याचे धैर्य तीन वर्षे शिकलेल्या त्या मुलीजवळ होते. ठराव लिहिताना आणि जाहीरनामा लिहिताना चळवळीला ते धैर्य किती वेळा दाखवता आले, ह्याचा प्रत्येक कार्यकर्त्याने विचार करावा; आणि तो विचार मनात न ठेवता कागदावर उतरवावा.